मधल्या टप्प्यावरची गॅलरी

गॅलरीशी माझा करार झाला तेव्हा मी पंचेचाळिशीत होते. कलाशाळेतून बाहेर पडल्यापासून मी सलग काम करत आले आहे. हातकागदावर शाई आणि खनिज रंग, थरावर थर, मग ते थर खरवडून खालचं काही पुन्हा वर आणायचं, असं माझं काम. सुरुवातीच्या वर्षांत बरंच काही मिळत गेलं. तरुणांसाठी शिष्यवृत्त्या होत्या, निवासी कार्यशाळा होत्या, पारितोषिकं होती. त्यांतल्या बहुतेकांच्या अर्जावर वयाची अट असायची, कुठे तीस, कुठे पस्तीस. पस्तिशी उलटली आणि अर्ज करण्याजोग्या जागा एकदम आटल्या. ज्येष्ठ म्हणून सन्मान व्हायला अजून वीस-पंचवीस वर्षं होती. मधली जी वर्षं उरतात त्यांत माणसाचा हात सगळ्यांत तयार असतो, डोक्यात काय करायचं ते स्पष्ट असतं, आणि नेमकं तेव्हाच स्टुडिओत कुणी फिरकत नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक जणांनी चित्रं सोडली ती याच वर्षांत. त्यांच्यात गुण कमी होते असं मी कधीच म्हणणार नाही.

हे एका देशापुरतंही नाही. ब्रिटनमधला समकालीन कलेचा टर्नर पुरस्कार १९८४ साली सुरू झाला आणि १९९१मध्ये त्याला पन्नाशीच्या आतलेच कलावंत अशी अट लागली. ती अट निघायला २०१७ उजाडलं. त्याच वर्षी तो लुबैना हिमिड यांना मिळाला. त्या ६३ वर्षांच्या होत्या आणि कित्येक दशकं काम करत होत्या. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या चित्रकार कार्मेन हरेरा यांचं पहिलं चित्र विकलं गेलं २००४ साली, त्यांच्या वयाच्या ८९व्या वर्षी. ही उदाहरणं लोक कौतुकानं सांगतात, उशिरा का होईना पण न्याय मिळाला म्हणून. मला त्यातला उशीरच आधी दिसतो. एवढी वर्षं त्यांची कामं कुठे ठेवलेली होती, त्यांची नोंद कोण ठेवत होतं, स्टुडिओचं भाडं कुठून येत होतं, हे प्रश्न मला पडतात. उदयोन्मुख आणि मधल्या टप्प्यावरच्या अशा दोन्ही कलावंतांना एकत्र घेऊन चालणाऱ्या गॅलरीत मी गेले ती हेच प्रश्न घेऊन.

त्याआधी मी भाड्याच्या गॅलऱ्यांत प्रदर्शनं केली होती. तिथे आठवड्याचं भाडं भरायचं, भिंती आपल्या. चित्रं आपणच न्यायची, टांगायची, निमंत्रणं पाठवायची, दिवसभर खुर्चीवर बसायचं, आणि शेवटच्या संध्याकाळी सगळं उतरवून परत आणायचं. त्यात कमीपणा काहीच नाही, आणि बऱ्याच चांगल्या चित्रकारांची सुरुवात तशीच होते. पण आठवडा संपला की ते प्रदर्शनही संपतं. कोण आलं, कुणी काय पाहिलं, कुठलं काम कुणाकडे गेलं, याचा माग ठेवणारं तिथे कुणी नसतं. कलावंताचं प्रतिनिधित्व करणारी गॅलरी याहून वेगळी असते. ती कलावंताशी काही वर्षांचा संबंध जोडते आणि कामं विकली जातील तेव्हाच तिला पैसे मिळतात.

या गॅलरीची प्रदर्शनं मी बरीच वर्षं पाहत होते. मला तिथे एक गोष्ट वारंवार दिसली: तीच नावं काही वर्षांच्या अंतरानं परत येत होती आणि परत येताना काम पुढे गेलेलं असायचं. विशीतल्या एका मुलीची रेखाटनं मी तिथे एका समूह प्रदर्शनात पाहिली होती. पुढे तिचंच एकल प्रदर्शन पाहिलं, तेव्हा अख्खी भिंत व्यापणारं काम होतं. एखाद्या गॅलरीला चित्रं पाठवण्याआधी एवढं तरी पाहावंच असं माझं मत आहे. कलावंतांची यादी पाहावी, त्यातले किती जण पाच-सात वर्षांनीही यादीत आहेत ते पाहावं. दर हंगामाला नवे चेहरे आणि जुने गायब, असं असेल तर ती गॅलरी तरुणांना पुढे आणते आहे की वापरते आहे हा विचार करायला हवा.

माझं काम त्यांच्यापर्यंत गेलं ते तिथल्याच एका चित्रकार मैत्रिणीच्या सांगण्यावरून. बहुतेकांचं असंच होतं. न मागता आलेले ई-मेल गॅलऱ्यांकडे ढिगानं पडतात आणि ते उघडून बघायला माणसं नसतात. स्वतः गॅलरीतला कलावंत कुणाचं नाव घेतो तेव्हा ते ऐकलं जातं. त्यांनी पोर्टफोलिओ मागवला. गेल्या तीन-चार वर्षांतलीच कामं, प्रत्येकाचं शीर्षक, वर्ष, माध्यम आणि माप, आधी उंची मग रुंदी. सोबत एका पानात मावेल असं स्टेटमेंट. मी ते साध्या भाषेत लिहिलं: कागद कुठला, थर कसे देते, खरवडल्यावर काय उरतं आणि ते उरलेलं मला का बघायचं असतं.

मग गॅलरीच्या संचालक बाई स्टुडिओत आल्या. स्टुडिओ भेटीबद्दल मी बरंच ऐकलं होतं, काय बोलायचं याची तयारीही केली होती. त्यांनी भिंतीवर लावलेली कामं थोडा वेळ पाहिली आणि विचारलं, "तुमचे ड्रॉवर बघू का?" नंतरचा बराच वेळ त्या कागदांच्या खणांपाशी होत्या. एकेक कागद काढायचा, उजेडाकडे धरायचा, मागची बाजू बघायची, तारीख विचारायची. दोन टप्प्यांच्या मधली कामं त्यांना हवी होती, जिथे जुनं सुटलं होतं पण नवं हाती लागलेलं नव्हतं. मी ती कामं कुणालाच दाखवत नसे. त्यांनी त्यातला एक कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हे का थांबवलंत?"

मी सांगितलं की इथे रंग मातकट होत गेला आणि मला तो मोकळा हवा होता.

"मातकटच राहू दिलं असतंत तर?"

त्या प्रश्नावर माझी पुढची कित्येक महिन्यांची कामं झाली. समीक्षकांनी माझ्या चित्रांवर लिहिलेलं मी वाचलं आहे, त्यातलं काही मनाला भिडलेलंही आहे. पण तयार चित्रावर बोलणं आणि तयार न झालेल्या चित्रापाशी थांबणं यांत फरक असतो, आणि चांगला गॅलरिस्ट हे दुसरं काम करतो. विक्रीचा विषय त्या भेटीत निघालाच नाही.

त्यानंतर बराच काळ काही निरोप नव्हता. मग समूह प्रदर्शनासाठी दोन कामं मागितली. नंतर पुन्हा एक भेट झाली, या वेळी त्यांच्याबरोबर एक तरुण क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनांची निवड आणि आखणी करणारा, होता. त्यानंतरच प्रतिनिधित्वाची गोष्ट निघाली. ही सावकाशी मला योग्य वाटते. दोन्ही बाजूंनी एकमेकांना काम करताना पाहायला वेळ लागतोच.

करारावर सही होण्याआधी त्यांनी माझ्याकडे एक गोष्ट मागितली आणि या सगळ्या प्रवासातला सर्वांत मोठा भाग तोच ठरला. त्यांना माझ्या आजवरच्या सगळ्या कामांची यादी हवी होती. केवळ स्टुडिओत असलेल्यांची नव्हे, सगळ्यांची. विकलेली, भेट दिलेली, एखाद्या संस्थेला दिलेली, पावसात खराब होऊन फाडून टाकलेली. प्रत्येकाला एक क्रमांक, फोटो, वर्ष, माध्यम, माप, सही पुढे आहे की मागे, कुठे प्रदर्शित झालं, कुठे छापून आलं, सध्या कुणाकडे आहे, तेव्हा किती किमतीला गेलं.

माझ्या काही वह्या होत्या, जुन्या पावत्या होत्या, पण सलग असं काहीच नव्हतं. मी माणसांना फोन करायला लागले. एका निवृत्त डॉक्टरांनी माझ्या पहिल्या प्रदर्शनातलं चित्र घेतलं होतं. त्यांच्या मुलीनं फोटो पाठवला, चित्र अजून तिच्या घरी जेवणाच्या खोलीत आहे. एका कार्यालयानं घेतलेली तीन कामं इमारत बदलताना कुठे गेली ते तिथे कुणालाच माहीत नव्हतं. एका मैत्रिणीकडचं काम पाहायला गेले तर त्याच्यावर थेट ऊन येत होतं आणि निळ्याचा पार राखाडी झाला होता. यादीत त्याची तशीच नोंद केली. कधी काळी मी कुणाला काय दिलं, कुठल्या काळात हात कसा चालत होता, हे सगळं माझ्यासमोर ओळीनं येत गेलं, आणि ज्या वर्षांत मी काहीच केलं नाही अशी माझी समजूत होती त्या वर्षांतली कामं मोजायला घेतली तर ती इतर वर्षांहून कमी नव्हती. ती फक्त कुणी पाहिली नव्हती.

ही यादी गॅलरीला का लागते? एखादं काम पुन्हा बाजारात आलं तर ते खरंच या कलावंताचं आहे का, कुणाकडून कुणाकडे गेलं, हे सांगता आलं पाहिजे. मालकीचा असा सलग इतिहास, ज्याला सगळे प्रोव्हेनन्स म्हणतात, तो नसेल तर संग्रहालय काम घेताना कचरतं आणि विमा उतरवतानाही अडचण येते. उद्या कुणाला आजवरच्या कामांचं सिंहावलोकनी प्रदर्शन करायचं झालं तर कामं कुठून मागवायची हे त्या यादीवरूनच कळतं. तरुण कलावंताचं हे काम एका दिवसात होतं, कारण यादी लहान असते. वीस वर्षांची यादी करायला बसलं की कळतं की हे कुणीतरी आधीपासून करायला हवं होतं, आणि प्रतिनिधित्व करणारी गॅलरी नेमकं तेच करत असते.

मग किमती. माझ्या आधीच्या किमतींना काही आधार नव्हता. त्या त्या प्रदर्शनात जे बरं वाटलं ते लावलेलं. गॅलरीनं सगळं मापावर आणलं. त्यांची पद्धत अशी: चित्राची उंची आणि रुंदी इंचांत मोजून त्यांची बेरीज करायची आणि तिला कलावंताच्या ठरलेल्या दरानं गुणायचं. काही गॅलऱ्या क्षेत्रफळ धरतात. दोन्हींत फरक बराच पडतो. ३० × २२ इंचांचा कागद घ्या आणि ६० × ४०चा घ्या. बेरीज धरली तर ५२ आणि १००, म्हणजे मोठ्याची किंमत दुपटीच्या आतच राहते. क्षेत्रफळ धरलं तर ६६० आणि २,४००, म्हणजे साडेतीन पटींहून जास्त. क्षेत्रफळानं मोठी कामं आवाक्याबाहेर जातात किंवा लहान कामं फुकटात जातात. माझी लहान कामं मोठ्यांइतकाच वेळ खातात, म्हणून बेरजेची पद्धत मला पटली.

दर किती धरायचा यावर मात्र आमची बरीच चर्चा झाली. माझं म्हणणं, इतकी वर्षं काम केलंय तर दर थोडा वर असू द्या. त्यांचं म्हणणं होतं, "किंमत वाढवणं सोपं असतं. खाली आणता येत नाही." किंमत उतरली की आधी ज्यांनी विश्वासानं काम घेतलं त्यांचं नुकसान होतं आणि ते पुन्हा येत नाहीत. म्हणून चांगली गॅलरी सुरुवात बेतानं करते आणि विक्री, संग्रहालयातला समावेश, एकल प्रदर्शन अशा कारणांनीच दर वाढवते. शिवाय स्टुडिओत एक किंमत आणि गॅलरीत दुसरी, हे चालत नाही. कोणी थेट माझ्याकडे आला तरी किंमत तीच. मला हे बंधन आवडलं. ओळखीच्या माणसाला नाही म्हणण्याचं ओझं त्यामुळे माझ्यावर राहिलं नाही.

कराराबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तरुण मुलं तो न वाचता सही करतात. कामं गॅलरीकडे विक्रीसाठी सोपवलेली असतात, ती गॅलरीची होत नाहीत. पूर्ण पैसे येईपर्यंत मालकी कलावंताचीच, हे शब्द करारात असलेच पाहिजेत. कमिशन अर्धं-अर्धं असतं, आणि समकालीन कलेत जगभर साधारण हेच प्रमाण आहे. अर्धा वाटा ऐकून माणूस दचकतो. मग विचारायचं असतं की त्या अर्ध्यात काय येतं: फ्रेमिंगचा खर्च कुणाचा, वाहतूक कुणाची, विमा कुठून कुठपर्यंत, कॅटलॉग, फोटो. संग्राहकाला सूट दिली तर ती दोघांच्या वाट्यातून जाते की फक्त माझ्या? पैसे आल्यावर किती दिवसांत मला मिळतील? न विकलेली कामं कधी परत येतील आणि कुणाच्या खर्चानं? काम ज्याच्याकडे जाईल त्याचं नाव मला कळेल का? शेवटच्या प्रश्नावर काही गॅलऱ्या अडतात. कलावंत परस्पर संग्राहकाशी व्यवहार करेल अशी त्यांना भीती असते. मी हट्ट धरला, कारण आत्ताच एवढ्या कष्टानं यादी केली होती आणि ती पुन्हा तुटलेली मला चालणार नव्हती. त्यांनी मान्य केलं.

पुनर्विक्रीचा प्रश्नही मी काढला. काम गॅलरीतून पहिल्यांदा विकलं जातं तो प्राथमिक बाजार. पुढे तेच काम लिलावात किंवा दुसऱ्या कुणाकडे जातं तो दुय्यम बाजार, आणि तिथला नफा अनेकदा कलावंताकडे येत नाही. न्यूयॉर्कमधला स्कल संग्रहाचा लिलाव यासाठी नेहमी सांगितला जातो. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांचं 'थॉ' हे काम संग्राहक रॉबर्ट स्कल यांनी ९०० डॉलरला घेतलं होतं. १९७३च्या त्या लिलावात ते ८५,००० डॉलरला गेलं. राउशेनबर्ग यांना त्यातलं काहीच मिळालं नाही. त्यांनी स्कल यांना तिथेच जाब विचारला आणि पुढे पुनर्विक्रीतल्या हक्कासाठी आवाज उठवला. त्याआधी दोन वर्षं, १९७१ साली, क्युरेटर सेथ सीगलॉब आणि वकील रॉबर्ट प्रोजान्स्की यांनी कलावंतांसाठी एक नमुना करार तयार केला होता. त्यात पुढच्या विक्रीत वाढलेल्या किमतीचे १५ टक्के कलावंताला मिळावेत अशी तरतूद होती. फ्रान्समध्ये तर असा हक्क कायद्यानं १९२० पासून आहे. आमच्या करारात शेवटी असं ठरलं की संग्राहकाला काम विकायचं झालं तर त्यानं आधी गॅलरीला विचारावं. कायद्याच्या दृष्टीनं हे फार मजबूत नाही हे मला माहीत आहे. पण त्यामुळे लगेच विकून नफा काढायच्या हिशोबानं येणारा माणूस आधीच बाजूला होतो. तरुण कलावंताचं याचमुळे सर्वांत जास्त नुकसान होतं: दोन वर्षांत किंमत चढते, लिलावात पडते, आणि पडलेली किंमत त्याच्या नावाला चिकटते.

पहिलं मोठं प्रदर्शन माझं आणि एका तरुण शिल्पकाराचं मिळून झालं. तो कलाशाळेतून नुकताच बाहेर पडलेला, लोखंडी पत्र्याच्या कापलेल्या पट्ट्यांपासून काम करणारा. सुरुवातीला मला ही जोडी का, ते कळलं नव्हतं. त्याच्या पत्र्यावर गंज चढत असतो आणि तो ते थांबवत नाही, हे मांडणीच्या वेळी पाहिलं आणि उलगडलं. मला तो "ताई, तुम्ही थर काढता, मी चढू देतो," म्हणाला. आम्ही दोघं अनेकदा बोललो. कामाविषयी, गंजाविषयी, आणि पैशांविषयीही. माझ्यामुळे त्याच्याकडे थोडं गंभीरपणे पाहिलं गेलं आणि त्याच्यामुळे माझ्याकडे नव्या नजरा वळल्या. दोन पिढ्या एका छताखाली ठेवण्याचं शहाणपण मला तेव्हा पटलं.

मांडणीच्या दिवसांबद्दल मी कितीही लिहू शकेन. कागदावरच्या कामाची फ्रेम ही स्वतंत्र विद्या आहे. कागद चिकटवायचा नाही. जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्यांनी, गव्हाच्या खळीनं, वरून लटकवायचा, म्हणजे हवेतल्या ओलाव्यानं तो आकसला-फुलला तरी फाटत नाही आणि गरज पडली तर पाणी लावून सोडवता येतो. मागचा पुठ्ठा आम्लमुक्त हवा, नाहीतर काही वर्षांत कडा पिवळ्या पडतात. काच कागदाला टेकू द्यायची नाही. आमच्या फ्रेममध्ये आत बारीक पट्टी घालून अंतर राखलं होतं, आणि अतिनील किरण अडवणारं ॲक्रिलिक लावलं होतं. प्रत्येक काम आत येताना त्याची तपासणी होऊन कागदावर नोंद झाली: कुठे घडी आहे, कुठे डाग आहे, कुठला ओरखडा मी मुद्दाम केलेला आहे. माझ्या कामात ओरखडे सगळे मुद्दामच असतात, त्यामुळे त्या नोंदीला बराच वेळ लागला. तपासणारी मुलगी मात्र एकेक ओरखडा बोटानं न शिवता दाखवत होती आणि विचारत होती. माझं चित्र इतक्या जवळून क्वचितच कुणी पाहिलं असेल.

टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर धरतात, म्हणजे उभ्या माणसाची नजर तिथे पडते. लहान-मोठी चित्रं शेजारी असली तरी मध्य एकाच रेषेत येतो. मला सगळ्यांत ताण प्रकाशाचा होता. कागदावरच्या कामांसाठी ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) आसपासच, म्हणजे मंदच, प्रकाश ठेवतात, कारण उजेडानं झालेलं नुकसान साठत जातं आणि परत फिरत नाही. इतक्या कमी प्रकाशात माझे खालचे थर दिसतील का? प्रकाशयोजना करणाऱ्या माणसानं भोवतालचा उजेड उतरवला आणि दिवे बाजूनं दिले. खरवडलेल्या कडांना बारीक सावल्या आल्या. स्टुडिओच्या खिडकीतल्या उजेडात मला न दिसलेलं काही त्या मंद प्रकाशात दिसलं, आणि त्यानंतर मी स्टुडिओतला दिवाही बाजूला हलवला.

उद्घाटनाची संध्याकाळ गर्दीची असते, चित्रं नीट कुणालाच दिसत नाहीत. काही कामांच्या लेबलशेजारी विकल्याची खूण म्हणून लाल टिकल्या लागल्या, मला आनंद झाला, एवढं पुरे.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. प्रदर्शन उतरल्यावरही गॅलरी माणसांना स्टुडिओत आणत राहिली. एका संग्राहकाला माझी एकदम बरीच कामं हवी होती. गॅलरीनं दोनच दिली आणि बाकीची एका संस्थेच्या संग्रहासाठी राखून ठेवली. पैशांची निकड होती, तरी मी हो म्हटलं. सगळी कामं एकाच घरात गेली की पुढे त्या एका माणसाच्या मर्जीवर कलावंताचा बाजार उभा राहतो, आणि बंद दारामागची चित्रं कुणी पाहत नाही. पुढे त्या संस्थेनं कामं घेतली आणि लावली. ती पाहून एका क्युरेटरनं बोलावलं. साखळी अशी सरकते, आणि तिचा प्रत्येक दुवा कुणीतरी आधी विचार करून जोडलेला असतो.

गॅलऱ्यांचा इतिहास वाचताना मला तेच भाग थांबवतात जिथे गॅलरिस्ट वाट पाहतो. पॅरिसचे कलाविक्रेते पॉल द्युराँ-रुएल यांनी इम्प्रेशनिस्ट चित्रकारांना चित्रं विकली जात नसतानाही नियमित पैसे दिले, स्वतः कर्जात गेले, आणि १८८६मध्ये सुमारे ३०० चित्रं घेऊन न्यूयॉर्कला प्रदर्शन केलं. त्यांच्या भाग्याचं चक्र तिथून फिरलं. लिओ कॅस्टेली यांनी १९५७मध्ये न्यूयॉर्कला गॅलरी सुरू केली, पुढच्याच वर्षी चित्रकार जॅस्पर जॉन्स यांचं पहिलं एकल प्रदर्शन केलं, आणि आपल्या कलावंतांना विक्री होवो न होवो दरमहा पैसे देण्याचा पायंडा पाडला. माझी गॅलरी लहान आहे, तिला दरमहा पैसे देणं परवडत नाही. पण एका वर्षी तिनं माझ्या कागदांचा सगळा खर्च आगाऊ दिला आणि पुढच्या विक्रीतून वळता केला. त्या वर्षी मी पहिल्यांदा दहा फुटी काम हातात घेतलं.

मतभेद झाले ते कामांच्या संख्येवरून. कलामेळे एकामागून एक येतात, प्रत्येकात मांडायला नवं काम हवं असतं, आणि माझे थर वाळायला त्यांचा वेळ घेतात. तरुण शिल्पकारावर तर हा भार फारच आला. तो एका मेळ्यासाठी रात्री जागून पट्ट्या कापत होता आणि त्या कामात गंज चढायला वेळच मिळाला नाही, हे मला बघूनच कळलं. मी संचालक बाईंशी बोलले. चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं काढत, आणि त्यांची ती मोजकी चित्रं २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात लागली तेव्हा कुणी कमी भरली म्हटलं नाही. मला त्यांच्याशी बरोबरी सांगायची नव्हती, वेळ मागायचा होता. माझ्यासाठी आणि त्याच्यासाठीही. बाईंनी ऐकून घेतलं, पण मेळ्यांचं भाडं किती असतं, एक मेळा चुकवला तर पुढच्या वर्षी जागा मिळेलच असं नसतं, हेही स्पष्ट सांगितलं. त्यांची बाजू खोटी नव्हती. मधल्या आकाराच्या गॅलऱ्या याच खर्चानं बंद पडतात, आणि त्या बंद पडल्या की सगळ्यांत आधी उघड्यावर येतात ते आमच्यासारखे मधल्या टप्प्यावरचे कलावंत.

यंदा कराराचं नूतनीकरण झालं तेव्हा आम्ही दोन कलमं घातली. वर्षात जास्तीत जास्त एकाच मेळ्यासाठी माझ्याकडे नवं काम मागायचं. आणि प्रत्येक कामाची नोंद, फोटो, तपासणीचे कागद यांची एक प्रत दरवर्षी मला मिळायची, गॅलरी उद्या असो वा नसो. ही दोन्ही कलमं तरुण शिल्पकाराच्या करारातही आली आहेत. त्याची यादी सध्या दीड पानांची आहे. तो ती स्वतः भरतो, आणि दर वेळी क्रमांक द्यायच्या आधी मला फोन करून विचारतो की अर्धवट राहिलेली कामं धरायची का. मी धरायला सांगते.